तुमची निळी रेघ, माझी तांबडी

मंजिरीताई,

अक्षर लागलं नाही तर रागवू नका. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाही जमलं नव्हतं, आणि आता पोळ्या लाटून बोटं अशी झाली आहेत की पेन धरलं की अंगठा दुखतो. चौथीनंतर मी सहीशिवाय फार काही लिहिलेलं नाही. प्राचीला सांगितलं असतं तर तिने मोबाईलवर छान टाइप करून दिलं असतं, पण हे मुलीला दाखवण्यासारखं नाही. कोणालाच दाखवायचं नाही.

परवा मानपाड्याला तुमच्या लॅबमध्ये शोकसभा झाली. मला फोन आला म्हणून गेले. तुमचा फोटो होता, हार होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या. तुमचे मोठे सर उठले आणि तुम्ही कोणत्या जीनवर काम केलंत, त्याचं प्रोटीन कसं वेगळं केलंत, ते कुठे छापून आलं, हे सगळं त्यांनी सांगितलं. बऱ्याच गोष्टी इंग्रजीत होत्या. मग कोणीतरी म्हणालं, सुगंधाबाई, तुम्ही दोन शब्द बोला. मी उठले, पुढच्या खुर्चीची पाठ धरली, आणि परत बसले. तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे. चार माणसं असली की मला बोलता येत नाही. बाहेर चहा देताना एक मुलगी म्हणाली, काकू, वाईट वाटून घेऊ नका, आम्हाला कळलं. तिला काय कळलं कोण जाणे. बोलायचं होतं ते इथे लिहिते.

पहिल्यांदा आलात तेव्हा मी पोळी-भाजी केंद्राची कणीक मळत होते. कोपरीतली आमची खोली तुम्हाला सापडत नव्हती, दोनदा चुकून तुम्ही घामाघूम झाला होतात. खांद्याला निळा डबा. दारातूनच म्हणालात, "नागिणीला गेरू लावणाऱ्या बाई तुम्हीच का? तुमच्यामुळे माझं काम खोळंबलंय." मला वाटलं महापालिकेच्या कोणी बाई आल्या. मी मान खाली घालून मळत राहिले. तुम्ही थोडा वेळ उभ्या राहिलात, मग आवाज खाली आणून म्हणालात, "पाणी मिळेल का?" आपली ओळख अशी झाली.

नागीण उतरवणं माझ्याकडे आईकडून आलं. कोकणात आमच्या गावी कमरेला, पाठीला असे फोडांचे पट्टे उठले की लोक आईकडे यायचे. दुर्वा आणि भिजवलेले तांदूळ वाटून लेप द्यायचा. आणि जिकडे फोड नाहीत त्या बाजूच्या कातडीवर गेरूची उभी रेघ काढायची, म्हणजे नागीण फिरून येऊन तिचं तोंड आणि शेपूट मिळणार नाही. मिळालं तर माणूस जातो, असं सगळे म्हणतात. आई गेली त्या वर्षी तिने माझा हात हातात घेऊन मला हे दिलं. अट एकच सांगितली. रुपया घ्यायचा नाही. नारळ नाही, साडीचोळी नाही, त्या घरचा चहासुद्धा नाही. घेतलं की हात गेला. मला आईचं दागिना म्हणून काही मिळालं नाही, शिक्षण तर नाहीच. हा हात तेवढा मिळाला. चाळीत मला लोक नावाने ओळखायचे ते त्यामुळे. नाहीतर माझ्यासारख्या गप्प बाईला कोण ओळखतं.

तुमचं म्हणणं असं की, नागीण झालेली माणसं डॉक्टरकडे येतात तोवर फोड सुकलेले असतात आणि वर गेरू आणि लेप थापलेला असतो. तुम्हाला पाहिजे होतं ताज्या फोडातलं पाणी. आणि ताजे फोड तर आधी माझ्याकडे यायचे.

मी विचारलं, त्या पाण्यात काय आहे एवढं? त्या दिवसांत माझ्याकडे चकलीची ऑर्डर होती. तुम्ही ओट्यावरचा सोऱ्या उचललात आणि त्यातली ताटली काढून मला दाखवलीत. म्हणालात, "हा समजा व्हायरस. त्याच्याजवळ अशा सत्तरएक ताटल्या आहेत, त्यांना जीन म्हणायचं. प्रत्येक ताटलीतून वेगळी वस्तू पडते. कशातून चकली, कशातून शेव. ती वस्तू म्हणजे प्रोटीन. एका पेशीतून शेजारच्या पेशीत शिरायला त्याला एक प्रोटीन लागतं. मी त्याची ताटली धरून बसलेय." मी म्हटलं, एकच? तुम्ही म्हणालात, एकच, आणि ती पण अजून पुरती कळलेली नाही. मला हसू आलं. तुमच्या पगाराच्या मानाने मला ते काम फार थोडं वाटलं होतं.

मग तुम्ही विचारलंत, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का. आल्या होत्या. "त्या गेल्या नाहीत," तुम्ही म्हणालात. पाठीच्या कण्याजवळ नसेच्या मुळाशी त्यांचा व्हायरस झोपून राहतो. माणूस थकला, म्हातारा झाला, आजारी पडला की उठतो आणि त्याच नसेवरून बाहेर येतो. ती नागीण. तापानंतर ओठावर फोड येतात तेही याच घराण्यातले. नस पाठीतून निघते ती एकाच बाजूने पुढे येते, पलीकडे तिची हद्द नाही. म्हणून तोंड आणि शेपूट मिळत नाही.

"तुमच्या रेघेमुळे नाही, सुगंधाबाई."

मी विचारलं, मग रेघेने बिघडतं काय? मी उलट विचारीन असं तुम्हाला वाटलं नव्हतं. मग म्हणालात, बिघडतं ते असं की गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या तीन दिवसांत, आणि ते तीन दिवस लोक तुमच्याकडे घालवतात.

हे मला पटलं. रेघेचं नाही पटलं, तीन दिवसांचं पटलं. मग आपलं ठरलं. कोणी आलं की मी आधी तुम्हाला फोन करायचा. तुम्ही यायचं, त्या माणसाला सगळं समजावून, विचारून, कागदावर सही नाहीतर अंगठा घेऊन, कापसाच्या काडीने फोडातलं पाणी टिपायचं आणि बर्फाच्या डब्यात ठेवायचं. मग त्या माणसाने डॉक्टरकडे जाऊन गोळ्या सुरू करायच्या. नंतर माझा लेप, आणि तोही फोड फुटले असतील तर नाही. आणि डोळ्याजवळ, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर फोड असले तर त्याला माझ्याकडे बसूसुद्धा द्यायचं नाही, थेट इस्पितळ. हे तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलं होतंत, शाळेतल्या बाईंसारखं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची बायको कपाळावर फोड घेऊन आली तेव्हा मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, रिक्षात घालून नेलं. तिचा डोळा राहिला. ती अजून लोकांना सांगते की सुगंधाच्या हाताला गुण आहे. मी सांगून थकले की मी हातच लावला नव्हता.

तुमच्या लॅबमध्येही एकदा घेऊन गेलात. चप्पल बाहेर, वर पांढरा कोट, तो मला पायापर्यंत येत होता. तुम्ही सांगितलंत की ती ताटली आम्ही एका साध्या जंतूच्या पोटात घालतो, मग तो बिचारा आमच्यासाठी ते प्रोटीन बनवत बसतो. मग एक जेलीसारखी वडी उजेडावर धरलीत. तिच्यात निळ्या रेघा होत्या, एकीखाली एक. त्यातल्या एका जाड रेघेवर बोट ठेवून म्हणालात, हीच ती. इतकी वर्षं या रेघेसाठी. तुमचा चेहरा तेव्हा असा झाला होता की मला प्राचीचा निकाल आठवला. मी म्हटलं, ताई, शेवटी तुम्ही पण रेघच काढलीत. तुम्ही एवढ्या हसलात की आतून सर बघायला आले. नंतर फोनवर विचारायचात, "काय, तांबडी रेघ बरी आहे का?" मी म्हणायचे, बरी आहे, निळी कशी आहे?

मग ते पैसे आले.

तुम्ही माझ्याकडे बँकेचा नंबर मागितला होतात. मला वाटलं कागदपत्राला लागत असेल, आधार मागतात तसं. मी दिला. दर महिन्याला त्यात काहीतरी जमा होत होतं आणि मला पत्ताच नाही. बँकेचं प्राची बघते. तिला वाटलं मी केंद्रावर जास्तीचं काम घेतलंय, आणि तिने त्यातून नर्सिंगची फी भरली. मी पासबुक भरायला गेले तेव्हा कळलं. काउंटरवरच्या बाईंनी वाचून दाखवलं, हे अमुक महिन्याचं, हे तमुक. मी तिथेच बाकड्यावर बसले.

तुमची चूक म्हणता येणार नाही. कोणी आपल्यासाठी काम केलं तर त्याला त्याचं दिलं पाहिजे, हे तुमच्या घरचं वळण. फुकट राबवून घेणं तुम्हाला पाप वाटायचं. आमच्याकडे घेणं हे पाप. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी बोलले नाही, तेवढ्यात व्हायचं ते झालं.

त्या दिवसापासून मी रेघ काढणं बंद केलं. आलेल्याला सांगायचे, हात बंद आहे, डॉक्टरकडे जा. तुम्हाला फोन मात्र करत होते, कारण ते ठरलेलं होतं. तुम्हाला वाटलं मला पटलं. पेढे घेऊन आलात. आणि एका कार्यक्रमात मला शेजारी बसवून सगळ्यांना म्हणालात, या सुगंधाबाई, यांनी स्वतःहून गेरू सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसले. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या खूश होतात, आणि समोर एवढी माणसं होती.

तुम्हाला कळलं ते शेजारच्या दामूकाकांमुळे. त्यांची नागीण सुकली होती, गोळ्या घेऊन झाल्या होत्या, पण ठणका जात नव्हता. तुम्ही माझ्याकडे बसलेल्या असताना आले आणि रेघ काढ म्हणून हात जोडायला लागले. मी नाही म्हटलं. ते चिडले. बँकेतल्या पैशांची गोष्ट चाळीत फुटली होती. म्हणाले, पगार सुरू झाला ना आता, आमची रेघ कशाला काढशील.

ते गेल्यावर तुम्ही विचारलंत, "पगार म्हणजे?" मी सगळं सांगितलं. एका दमात एवढं मी कधी बोलले नव्हते.

"म्हणजे तुम्हाला पटलं म्हणून सोडलं नाहीत?"

"नाही."

तुम्ही कपाळावर हात ठेवून बसलात. मग म्हणालात, "हे बघा सुगंधा, सुटलं ते चांगलंच झालं. त्या हाताला गुण नव्हताच कधी."

"नव्हता ना? मग माझं काय गेलं ते सांगा. काहीतरी गेलंय, ताई. मला दिवसभर कळतं."

चहा तसाच ठेवून गेलात. सगळे फेडले की हात परत येईल, म्हणून मी थोडे पैसे जमवून लॅबच्या फाटकावर आले तर म्हणालात, प्रोजेक्टचा हिशोब बंद झाला, आता परत घेता येत नाही. रस्त्यावर उभ्या राहून आपण दोघी भांडलो. तुम्ही म्हणालात, कष्टाचे आहेत, ठेवा. मी म्हटलं, कष्टाचे म्हणूनच नकोत. समोरच्या कंपनीची शिफ्ट सुटली होती, माणसं बघत जात होती, आणि मला त्यांची लाज वाटली नाही. त्यानंतर बरेच महिने निळी कशी आहे आणि तांबडी कशी आहे, कोणी कोणाला विचारलं नाही. तुम्ही तेव्हाच आजारी होतात हे मला माहीत नव्हतं. तुम्ही मला ते सांगितलं नाहीत याचा राग माझ्या मनात आहे, तो इथे लिहून ठेवते.

फोन तुमच्या आईंनी केला. कल्याणला या, मंजिरी बोलावतेय. दुपारची वेळ होती. डोक्याला फडकं बांधलेलं, मनगटं माझ्या लाटण्याएवढी. कॅन्सरची औषधं चालू होती आणि त्यात नागीण उठली होती. इस्पितळातून सलाईन घेऊन घरी आला होतात, औषध सुरू होतं. तुम्ही गाऊन बाजूला करून मला दाखवलंत. उजव्या छातीखालून पाठीपर्यंत पट्टा. आणि डाव्या बाजूलाही फोड.

"बघा, पलीकडे गेली," तुम्ही म्हणालात. "तुमची आई बरोबर होती."

मी म्हटलं, नाही हो ताई.

मग तुम्ही मला शिकवायला लागलात, त्या अवस्थेत. आतली राखण संपली की या व्हायरसला एका नसेची हद्द उरत नाही, तो रक्तातून कुठेही जातो. अशी माणसं बऱ्याचदा वाचत नाहीत, कारण ती आधीच खचलेली असतात. जुन्या लोकांनी ते बघितलं, आणि बघितलं ते खरं होतं. फक्त त्यांना वाटलं की दोन टोकं मिळाली म्हणून माणूस गेला. खरं तर माणूस जायला आला होता म्हणून ती मिळाली. एवढं बोलून तुम्हाला धाप लागली. आईंनी पाणी पाजलं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आता पुरे करा, मला सगळं कळलं.

मग तुम्ही म्हणालात, "रेघ काढाल?"

मी म्हटलं, हात नाही माझ्याकडे. तुमच्या प्रोजेक्टचे पैसे अजून फिटले नाहीत.

तुम्ही डोळे मिटलेत. "प्रोजेक्टचे नव्हते ते. प्रोजेक्टमध्ये तुमच्यासाठी काही धरलेलंच नव्हतं. माझ्या पगारातले होते."

फाटकासमोर एवढ्या भांडलात आणि हे तोंडातून काढलं नाहीत. मी म्हटलं, मग तुम्हालाच परत करीन. तुम्ही म्हणालात, करा. पण आत्ता फार ठणकतंय, आत्ता उधारीवर काढा.

आईंनी बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीला लावायचा गेरू आणून दिला. लेप दिला नाही, फोड ओले होते. तुमच्या पोटावर मधोमध थोडी कोरी जागा राहिली होती, तिथे बोटाने रेघ काढली. पलीकडे काही अडवायचं राहिलंच नव्हतं. त्या रेघेत काही नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि हात गेलेला आहे हे मला माहीत होतं. दोघींपैकी एकीचाही विश्वास नव्हता. बोट टेकवलं तेव्हा तुम्ही शहारलात, मग श्वास सोडलात. म्हणालात, गार आहे. थोड्या वेळाने तुम्हाला झोप लागली. मी उठले नाही, तुमच्या बोटांत माझा पदर अडकला होता.

नागीण औषधाने सुकली, हे मी स्वतः पाहिलं. तुम्हाला तिने नेलं नाही, त्या दुसऱ्या आजाराने नेलं. मधल्या दिवसांत मी जमेल तसे पैसे घेऊन येत होते आणि तुम्ही आईंना सांगायचात, घे गं, नाहीतर ती मला जगू द्यायची नाही. एकदा मी जरा जास्त रक्कम आणली तर म्हणालात, घाई कसली आहे. मी म्हटलं, हात पाहिजे मला. तुम्ही विचारलंत, हात परत आल्यावर काय करणार? आधी डॉक्टर, मग रेघ, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, आणि कोणी फक्त रेघच मागितली तर? याचं उत्तर मी उद्या देते म्हटलं होतं. तो उद्या तुम्ही ठेवला नाहीत. उत्तर तसं माझ्याजवळ होतं. फक्त रेघ मिळणार नाही. दामूकाकांनाही नाही. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जिंकल्यासारखं हसला असतात, म्हणून एक दिवस पुढे ढकललं.

काल केंद्रातून पगार मिळाला. राहिलेली रक्कम पाकिटात घालून आज कल्याणला गेले. आई एकट्याच होत्या. तुमची खोली झाडून-पुसून ठेवली आहे, पलंगावर चादर नाही. मी पाकीट पुढे केलं. वाटलं, त्या म्हणतील राहू दे गं आता, ती नाही तर काय करायचे. तसं म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

त्या तसं म्हणाल्या नाहीत. चष्मा लावला, पाकिटातल्या नोटा काढल्या, बोटाला पाणी लावून मोजल्या. एकदा मोजून परत मोजल्या. कपाटातून आधीच्या काढल्या, त्यात या ठेवल्या, वर रबर लावलं. तुम्ही असतात तर न मोजता उशीखाली सारल्या असत्यात आणि आपलं पुन्हा वाजलं असतं.

"पूर्ण झाले," आई म्हणाल्या. "आता काही बाकी नाही."

मी म्हटलं, हो. काही बाकी नाही.